डबा कोमट का होतो आणि भात घट्ट का होतो

पत्र: "माझी मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. आम्ही येळ्ळूरला राहतो, शाळा बेळगावात. सकाळी साडेसातला व्हॅन येते आणि मोठी सुट्टी एक वाजता होते. तिला वरण-भात-तूप, चपाती-गूळ, उकडलेला बटाटा आणि केळं एवढंच चालतं. भाजी दिसली की बाजूला काढते. गरम जेवावं म्हणून अर्ध्या लिटरचा थर्मासचा डबा घेतला. त्यात वरण-भात घालते आणि आत वाफ धरू नये म्हणून दहा मिनिटं झाकण उघडं ठेवून मग बंद करते. तरी रोज अर्ध्याहून जास्त परत येतो. 'भात घट्ट झाला, कोमट होता, वास येत होता,' असं म्हणते. घरी मात्र हाच वरण-भात पोटभर खाते. छोट्या सुट्टीला बिस्किटाचा पुडा देते, तो संपतो. शाळेत डबा गरम करून द्यायची सोय नाही. सासूबाई म्हणतात, भाजी वाटून लपवून घाल. काय करू?" (एक आई, येळ्ळूर)

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यांत कामाचं वाक्य तुमच्या मुलीचं आहे. घट्ट, कोमट आणि वास, अशा तीन तक्रारी तिने नेमक्या सांगितल्या आहेत. तिन्ही खऱ्या असणार आणि तिन्हींची कारणं डब्यात सापडतात. साडेसातला तुम्ही भरलेला वरण-भात आणि एक वाजता तिच्या पुढ्यात येणारा वरण-भात हे दोन वेगळे पदार्थ असतात. पहिला तुम्ही चाखता, दुसरा ती एकटी चाखते. म्हणून येत्या रविवारी एक करा. रोजच्यासारखाच डबा भरा, साडेसातला बंद करा, एक वाजता उघडा आणि तुम्ही स्वतः तो जेवा. दुसरं काही खाऊ नका. पुढचं सगळं त्यातून पटेल.

आधी कोमटपणाचं बघू. थर्मासचा डबा अन्न गरम करत नाही, आत असलेली ऊब बाहेर पडायला उशीर लावतो. ती ऊब आत जाते त्या क्षणीच तुमच्या डब्यात तीन ठिकाणी गळती होते. पहिली झाकणाची. चपातीच्या डब्यात वाफ धरली तर चपात्या ओल्या होतात, म्हणून झाकण उघडं ठेवायची आपल्याकडे सवय आहे आणि चपातीला ती बरोबर आहे. गरम राहणाऱ्या डब्याला तीच सवय मारक ठरते, कारण त्या दहा मिनिटांत भाताची बरीच ऊब निघून जाते. दुसरी गळती थंड स्टीलची. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आपल्याकडे पहाटे चांगलाच गारठा असतो आणि रात्रभर फडताळात पडलेला डबा तेवढाच गार झालेला असतो. उकळता भात त्यात पडला की त्याची पहिली ऊब डब्याच्या आतल्या भिंती तापवण्यातच जाते. तिसरी गळती रिकाम्या जागेची. सात वर्षांचं मूल एका बैठकीला साधारण 250 ते 300 मिली जेवतं. अर्ध्या लिटरच्या डब्यात तेवढं घातलं की वरचा निम्मा भाग हवेचा राहतो. थोडं अन्न लवकर निवतं, भरलेला डबा सावकाश निवतो.

आता भरायची पद्धत. अन्न शिजत असतानाच दुसऱ्या शेगडीवर पाणी उकळत ठेवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच असल्यामुळे आपल्याकडे पाणी 97-98 अंशांनाच उकळतं, म्हणजे सुरुवातच दोन-तीन अंशांनी कमी आहे. तेव्हा पाणी 'कडक' झालं एवढ्यावर थांबू नका, खळखळून उकळू द्या. ते डब्यात काठोकाठ ओता, झाकण लावा आणि पुरी दहा मिनिटं ठेवा. झाकणही आतून तापायला हवं, म्हणून ते लावूनच ठेवायचं. अन्न पूर्ण तयार होऊन भांड्यात बुडबुडे येत असतील तेव्हाच पाणी ओतून टाका, फडक्याने एकदा पुसा, लगेच भरा आणि लगेच बंद करा. वर एक सेंटिमीटर जागा सोडा, जास्त नको. या सगळ्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागता कामा नये, म्हणून पळी, फडकं, झाकण आधीच कट्ट्यावर काढून ठेवा.

एवढं करूनही अन्न कोमट झालं तर डबाच तपासा. दुकानात 'इन्सुलेटेड' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एकात बाहेर प्लास्टिक, आत स्टीलची वाटी आणि मध्ये नुसती हवा किंवा फोम असतो. तो दोन-तीन तासांपुरता ठीक, साडेपाच तासांना पुरत नाही. दुसरा आतून-बाहेरून स्टीलचा, दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेला, म्हणजे व्हॅक्युमचा. तुम्हाला दुसरा हवा. घरी परीक्षा सोपी आहे. उकळतं पाणी भरून झाकण लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. झाकणाजवळची कड थोडी उबदार लागेल, ते चालतं. पोट किंवा बूड गरम लागलं तर व्हॅक्युम नाही, किंवा डबा पडून तो गेला आहे. गेलेला व्हॅक्युम दुरुस्त होत नाही. तेच पाणी साडेपाच तासांनी उघडल्यावर बोट बुडवून ठेवता येणार नाही इतकं गरम असलं पाहिजे. टोक अन्नात खुपसायचा स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आकडा 60 च्या वर हवा.

या 60 च्या आकड्यामागे चवीपेक्षा मोठं कारण आहे. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजं असू शकतात. ती शिजवण्याने मरत नाहीत आणि भात तासन् तास कोमट राहिला की वाढायला लागतात. त्यांनी तयार केलेलं एक विष नंतर भात पुन्हा उकळला तरी जात नाही. म्हणून दुपारपर्यंत भात एकतर 60 च्या वर गरम हवा, नाहीतर नीट थंड हवा. मधला कोमट भात नको. रात्रीचा भात सकाळी गरम करून डब्यात घालू नका. डब्यातून संध्याकाळी परत आलेला भात कितीही चांगला दिसला तरी घरात कुणी खाऊ नका, अगदी वाया जातो म्हणूनही नाही.

नवा डबा घ्यायचा असेल तर 300 मिलीचा घ्या. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत भांड्यांच्या दुकानात मागताना तीन गोष्टी दुकानातच करून बघा. तोंड इतकं रुंद हवं की तुमची चार बोटं सरळ आत जातील. झाकणातली रबराची रिंग नखाने काढता-घालता यायला हवी. आणि झाकण शक्यतो मुलीकडूनच उघडून घ्या.

हे झाकणाचं प्रकरण फार जण विसरतात. गरम अन्न बंद केल्यावर आतली वाफ निवते, आतला दाब कमी होतो आणि झाकण आत ओढलं जातं. सकाळी सहज फिरणारं झाकण एक वाजता मोठ्या माणसालाही जोर लावायला लावतं. सात वर्षांच्या मुलीचा हात त्यावरून घसरतो. ती दोनदा प्रयत्न करते, बाईंना सांगायला लाजते आणि डबा दप्तरात ठेवून देते. संध्याकाळी आपल्याला वाटतं, नखरे केले. तुमच्या मुलीचा डबा थोडा तरी संपतो, म्हणजे तो उघडतो आहे. पण कोण उघडून देतं आणि सुट्टीतली किती मिनिटं त्यात जातात, हे तिला विचारा. झाकणाच्या मध्यभागी दाब सोडायचं बटण असलेले डबे मिळतात, ते लहान मुलांना सोयीचे. तुमच्या डब्याला तसं बटण नसेल तर झाकण घट्ट आवळू नका. रिंग टेकली की आणखी थोडंसं, एवढंच फिरवा. मग डबा उलटा करून गळतो का ते बघा. रविवारच्या परीक्षेत झाकण तिलाच उघडायला लावा, दुपारी एक वाजता, गरम डब्यावर.

चमचाही त्यातच आला. उंच डब्याच्या तळाशी पोचणारा, पंधरा सेंटिमीटरच्या आसपास लांब दांड्याचा चमचा द्या. आखूड चमच्याने बोटं भाताने बरबटतात आणि काही मुलांना तेवढंच कारण जेवण थांबवायला पुरतं. सोबत एक पसरट स्टीलची ताटली ठेवा. डबा नीट भरलात तर अन्न आता चांगलंच गरम निघेल, तेव्हा थेट डब्यातून खाल्लं तर तोंड भाजेल. चार चमचे ताटलीत काढायचे, पसरायचे, पाणी प्यायचं, मग खायचं. हेही घरी एकदा करून घ्या.

दुसरी तक्रार घट्ट भाताची. शिजलेला भात निवायला लागला की त्यातला स्टार्च पुन्हा आवळून बसतो. दाणा कडक होतो. शिवाय बंद डब्यात तो वरणातलं पाणी पीतच राहतो. सकाळी ताटात छान दिसणारा वरण-भात दुपारी थापल्यासारखा निघतो तो या दोन कारणांनी. गरम राहिला तर पहिलं कारण बरंच कमी होतं. दुसऱ्यासाठी पाणी वाढवावं लागतं, आणि ते डोळ्याला चुकीचं वाटेल इतकं.

तांदूळही बघा. येळ्ळूरचा बासमती ताटात वाढायला देखणा आणि सुवासिक, पण सुटा होणारा दाणा निवला की जास्त ताठ होतो. डब्यासाठी इंद्रायणीसारखा मऊ, चिकटसर तांदूळ वेगळा आणून ठेवा.

एका 300 मिलीच्या डब्यासाठी माप असं, डबा भरून थोडं उरेल. तांदूळ 50 ग्रॅम, म्हणजे 15 मिलीचे चार सपाट चमचे. पाणी 175 मिली. तो कुकरच्या डब्यात लावा. दुसऱ्या भांड्यात तूरडाळ 20 ग्रॅम, हळद, हिंगाची चिमूट, 100 मिली पाणी. घरातल्यांचं एकत्रच शिजवत असाल तर तिच्यासाठी शिजलेल्या भातातला एक मोठा डाव बाजूला काढा. भात पळीच्या पाठीने अर्धवट मोडा, पूर्ण गाळ नको. डाळ घोटून, मीठ घालून, उकळतं पाणी मिसळून ताकाइतकी पातळ करा. आता भात आणि वरण एका लहान पातेल्यात एकत्र करून मध्यम आचेवर ढवळत दीड-दोन मिनिटं उकळी येऊ द्या. हे पाऊल टाळू नका. नुसता भात डब्यात घालून वर वरण ओतलं तर मधला भात आधीच निवलेला असतो आणि तो वरणालाही निववतो. पळीवरून मिश्रण ओघळलं पाहिजे, ढीग व्हायला नको. ढीग होत असेल तर आणखी उकळतं पाणी, एका वेळी दोन चमचे. शेवटी चमचाभर तूप. तुपाचा थर दाण्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. मीठ अगदी किंचित जास्त लागतं, कारण नंतर घातलेल्या पाण्याने चव उतरते.

मुगाच्या खिचडीलाही हेच गणित. तांदूळ 50 ग्रॅम, मूगडाळ 25 ग्रॅम, पाणी 260 मिली, कुकरला चार शिट्ट्या, उघडल्यावर 50 मिली उकळतं पाणी आणि पुन्हा एक उकळी. फोडणीतला कढीपत्ता आणि मोहरी टोचते अशी तक्रार असेल तर जिऱ्याची फोडणी करा आणि कढीपत्ता तेलात चुरचुरला की काढून टाका, वास राहतो. बिशीबेळे भात खूप आळतो आणि तिखट असतो, तो मोठ्या मुलांना ठीक. उप्पीट या डब्यात मला फारसं पसंत नाही. रवा पाणी पिऊन वडी होतो, आणि मोकळं केलं तर त्यात हवा राहून लवकर निवतं. पोह्यांचंही तसंच. शेवयांची खीर, दुधातला कोणताही पदार्थ या डब्यात नको, कोमट दूध दुपारपर्यंत नासतं. ओल्या खोबऱ्याचं वाटण घातलेली आमटीही कोमट झाली की लवकर आंबते, आणि मोडाच्या उसळीचं तेच. त्या दोन्ही घरी जेवताना करा.

तिसरी तक्रार वासाची. तो बहुतेक वेळा आजच्या अन्नाचा नसतो. झाकणातली रिंग सिलिकॉनची असते आणि लसूण, हिंग, मसाला यांचा वास धरून ठेवते. ती न काढता नुसतं झाकण विसळलं की तिच्या खाचेत कालच्या वरणाची पिवळी ओळ राहते. आज रिंग काढून बघा, बहुधा दिसेल. रोज रिंग वेगळी काढून भांड्याच्या साबणाने धुवा. आठवड्यातून एकदा ग्लासभर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून रिंग आणि झाकण अर्धा तास बुडवा. रात्री डबा झाकण न लावता, उपडा न घालता उघडाच ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे कपडेही दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा रिंग पुसून कोरडी करा, नाहीतर तिच्यावर काळे ठिपके धरतात. तसे धरले की रिंग बदलायची. डब्याच्या आत तारेची घासणी नको, चरे पडतात आणि चऱ्यांत अन्न बसतं. वास कोंडणारे पदार्थही असतात. कोबी, फ्लॉवर, मुळा, उकडलेलं अंडं बंद गरम डब्यात साडेपाच तास राहिलं की उघडताना उग्र भपकारा येतो. बाकावरच्या दोन मैत्रिणींनी नाक धरलं की तुमची मुलगी तो पदार्थ पुन्हा वर्षभर खाणार नाही.

आता बिस्किटांचं. छोट्या सुट्टीतला पुडा संपतो आणि मोठ्या सुट्टीतला डबा उरतो, याचा एकमेकांशी संबंध आहे. मैदा-साखरेचं पोटात पडलं की सात वर्षांच्या पोटाची एक वाजेपर्यंतची भूक तिथेच मोडते. सकाळी निघताना मोठा ग्लास दूध पाजत असाल तर तेही अर्धं करा. छोट्या सुट्टीला तिचं आवडतं केळं द्या. ते चालत असेल तर पुढे चिकू किंवा पेरूच्या फोडी. पहिले दोन-तीन दिवस ती कुरकुर करेल. पुडा एकदम बंद करण्याऐवजी शाळेतून आल्यावर दोन बिस्किटं, असं ठरवून टाका म्हणजे हिसकावून घेतल्यासारखं होणार नाही.

रोज सगळंच गरम असायला हवं असंही नाही. आठवड्यातले दोन दिवस असे ठेवा की डब्यात फक्त गरम पातळ वरण किंवा टोमॅटोचं सार आणि बाजूला साध्या डब्यात चपात्या. तिला चपाती आवडतेच. ती गरम वरणात बुडवून खाल्ली की निवलेली चपातीही मऊ लागते. पातळ पदार्थ उष्णता जास्त धरतो, त्यामुळे डबा चुकण्याची शक्यताही कमी. चपातीची कणीक थोड्या दुधात आणि चमचाभर तेलात सैलसर भिजवून वीस मिनिटं ठेवा. भाजल्यावर तूप लावून जाळीवर तीन-चार मिनिटं वाफ जाऊ द्या, मग सुती फडक्यात गुंडाळा. वर्तमानपत्राच्या कागदात नको, शाई अन्नाला लागते. सासूबाई भाकरीचा आग्रह धरत असतील तर ती रात्रीच्या जेवणाला, तव्यावरून थेट ताटात. निवलेली ज्वारीची भाकरी दुपारी चावायला कठीण जाते आणि दुसरीतल्या मुलीचे पुढचे दात पडण्याचं, यायचं वय आहे, हेही ध्यानात घ्या. शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची असेल तर गरम डब्याला त्या दिवशी सुट्टी.

(ज्यांची मुलं सरकारी किंवा अनुदानित शाळेत आहेत, त्यांना कर्नाटक सरकारच्या 'अक्षर दासोह' योजनेचं शिजवलेलं जेवण शाळेतच मिळतं. खायला नखरे करणारं मूल पंगतीत बरोबरीच्यांना बघून कित्येकदा घरी नको म्हटलेली सांबारातली भाजी खातं. तिथे वेगळा डबा देऊन त्याला पंगतीतून उठवू नका.)

भाजीची गोष्ट मुद्दाम शेवटी घेतली, कारण वरच्या तीन तक्रारी मिटायच्या आधी भाजीला हात लावला तर डबा आणि भाजी दोन्ही फसतील. पहिले दोन आठवडे डब्यात फक्त तिचे ओळखीचे पदार्थ जाऊ द्या. डबा रिकामा यायला लागणं हीच पहिली कमाई. शाळेत वीस-पंचवीस मिनिटांची सुट्टी असते, हात धुवायला रांग असते, गलका असतो. तिथे मूल नवं काही चाखत नाही. नवी चव घरी, संध्याकाळी साडेसहा-सातला, भूक लागलेली असताना, आपण सगळे तेच खात असताना. तिच्या ताटात एक चमचा, त्याहून जास्त नाही. खा म्हणायचं नाही, एक घास तरी म्हणायचं नाही, खाल्लंस तर मोबाइल देईन असं तर मुळीच नाही. एखादा पदार्थ मुलाने स्वीकारायला तो आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळीच 'हिला आवडत नाही' असा शिक्का बसतो.

कुठल्या भाजीपासून सुरुवात करायची हे तिच्या आवडीच्या यादीवरून ठरतं. बटाटा, वरण-भात, केळं, गूळ-चपाती: सगळं मऊ, सौम्य, थोडं गोडसर, एकजात. तेव्हा मेथी, कारलं, भेंडी आत्ता बाजूला ठेवा. बटाट्याचा सगळ्यांत जवळचा नातलग रताळं, आणि ते आपल्या बेळगाव तालुक्याचंच पीक. उकडून, कुस्करून, तूप आणि चवीपुरतं मीठ, पहिल्यांदा बटाट्यात पाव हिस्सा मिसळून. ते रुळलं की निम्मं. त्यानंतर लाल भोपळा, त्यानंतर गाजर. थंडीत मटार आला की खिचडीत पाच दाणे, मोजून, वर दिसतील असे. तिने ते बाजूला काढले तर काढू द्या. पाच दाणे बाजूला काढणाऱ्या मुलीने खिचडी सोडलेली नसते. घरी चार-पाच वेळा न कुरकुरता खाल्लेलीच गोष्ट डब्यात जाईल, आणि तीही डब्याच्या दहाव्या हिस्स्याइतकी.

सासूबाईंची सूचना निम्मी बरोबर आहे. दोन चमचे शिजवलेला लाल भोपळा वरणात घोटला तर रंग बदलत नाही, चव थोडी गोडसर होते आणि वरण छान मिळून येतं. जरूर घाला. फक्त लपवू नका. 'आज वरणात भोपळा घोटलाय' एवढं सहज सांगा, चर्चा नको. लपवलेलं ज्या दिवशी सापडतं, त्या दिवसापासून मूल वरणाकडेही संशयाने बघतं, आणि तुमच्या मुलीची सगळी भिस्त वरणावर आहे. ते गेलं तर हातात काही उरणार नाही. पालक वाटून घालणं तर टाळाच. हिरवं वरण ती तोंडाजवळही नेणार नाही.

व्हॅनमधून उतरल्याउतरल्या 'डबा संपवलास का?' हा प्रश्न विचारणं बंद करा. घरातल्या सगळ्यांनी, आजीनेही. डबा आपण उघडून बघायचा. काय उरलंय ते नीट पाहिलं की कळतं. वरचा थर खाऊन खालचा राहिला असेल तर वेळ पुरला नाही किंवा चमचा पोचला नाही. मधूनमधून उकरलेला असेल तर काहीतरी शोधून बाजूला काढत होती. हातच लावला नसेल तर झाकण किंवा वास. रोज थोडंच, एकसारखं उरत असेल तर तुम्हीच जास्त भरताय. दोन आठवडे कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात एक शब्द लिहून ठेवा. वर्गशिक्षिकेला फक्त एवढंच सांगा की पहिले काही दिवस झाकण सैल करून द्या आणि जेवली का असं सगळ्यांसमोर विचारू नका.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. यादीत आवडीचे पदार्थ थोडेच असले तरी वजन-उंची वाढत असेल, मुलगी खेळत-बागडत असेल, तर वर सांगितलं तेवढं पुरे. पण आज चालणारे पदार्थही एकेक करून गळायला लागले, घास घेताना उबळ येते किंवा गिळताना अडकतं, सहा महिन्यांत वजन वाढलेलं नाही, चेहरा फिकट दिसतो, लवकर दमते किंवा शौचाला खडा होतो, यांतलं काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. बद्धकोष्ठ असलेल्या मुलाची भूक दुपारी मरतेच, आणि रक्त कमी असेल तर भूकच लागत नाही. त्या वेळी डबा बदलून काही होणार नाही, आधी तो उपचार. डॉक्टरांकडे जाताना ती आठवडाभर काय आणि किती खाते त्याची यादी लिहून न्या. 'काहीच खात नाही' यावरून त्यांना काही ठरवता येत नाही, आणि यादीवरून बरंच कळतं.